बाहीवरच्या तीन फिती

रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की हवालदारबाबांचा उजवा हात डाव्या दंडावर जायचा. कळ आल्यासारखा तो दंड घट्ट धरून ते बसायचे आणि मोटार दिसेनाशी झाली की मगच हात सोडायचे. जेवताना आवाज आला तर खरकटा हातच बाहीवर जायचा. म्हणून त्यांच्या खाकी कोटाच्या डाव्या दंडावर, जिथे हवालदाराच्या तीन फिती शिवलेल्या होत्या, तिथे वरणाचे पिवळे डाग पडलेले होते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याची एखादी लकब रोज दिसते आणि रोज दिसते म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आम्हीही दिलं नाही. लढाईत तिथं गोळी लागली असेल, असं मळ्यावरच्या बायका म्हणायच्या. मीही तेच धरून चालले होते.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचा मळा गावाबाहेर, मंगरुळपीरच्या रस्त्याला लागून. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या असं सगळं पिकायचं आणि निम्मं चोरीला जायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, राखणदाराच्या शोधात होते. एका बाजाराच्या दिवशी ते या खाकी कोटवाल्या माणसाला सोबतच घेऊन आले. येताना रस्त्यात काय बोलणं झालं ते मामंजींनी पुढे कितीदा तरी रंगवून सांगितलं.

"म्या इचारलं, पलटनीत होते का? तं गडी म्हन्ते, आता काय सांगाव, मालक! म्या म्हन्लं, लढाई पाह्यली असन. तं म्हन्ते, आता काय सांगाव! असा मानूस. दुसरा असता तं तोंड नसतं मिटलं त्याचं."

"आता काय सांगाव!" हे त्यांचं पालुपद होतं. खालच्या मानेनं, अगदी हळू म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढं पाहिलेलं असेल या माणसानं! मग ऐकणाराच उरलेलं भरून काढायचा. कोणी त्यांना बसऱ्याला पाठवलं, कोणी ब्रह्मदेशात. त्यांनी स्वतः एकदाही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चोऱ्या मात्र थांबल्या. फितीवाला हवालदार राखणीला आहे म्हटल्यावर वांग्याला हात लावायची कोणाची छाती होणार? कोट ते कधी काढत नसत. चैत्रातल्या उन्हातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. घामानं निथळत विहिरीच्या कडेला बसायचे. मी म्हणायची, "हवालदारबाबा, जीव जाईन ना उकाड्यानं." ते म्हणायचे, "सवय हाय, सूनबाई."

एक दिवस कुंपणाच्या बाभळीत अडकून ती डावी बाही उसवली. फितींचं एक टोक लोंबायला लागलं. मी सुईदोरा घेऊन आले आणि म्हटलं, द्या इकडे, शिवून देते. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं माझं काही चुकलं. मग हळूहळू त्यांनी कोट काढला. आत फाटकी बंडी होती. दंडावर गोळीची खूण नव्हती, साधा ओरखडाही नव्हता.

फिती जिथून सुटल्या होत्या तिथलं कापड गर्द खाकी होतं आणि बाकीचा कोट उन्हानं पांढुरका पडलेला. मी उजवी बाही पाहिली. तिच्यावर फिती नव्हत्या, पण त्या कधी काळी होत्या त्याची तसलीच गर्द खूण होती.

"या बाजूच्या कुठी गेल्या?" मी सहज विचारलं.

"घेतला तवाच नोत्या."

"घेतला म्हन्जे?"

त्यांनी फाटकी बंडी सावरली. मग म्हणाले, "सूनबाई, कोट बाजारातून घेतला. जुन्या कपड्याच्या ढिगातून. मी पलटन पाह्यली बी नाई."

सुई माझ्या बोटात घुसली. मी आजूबाजूला पाहिलं. मामंजी पलीकडे वांग्यांना पाण्याचं बारं देत होते.

"मंग काढून काहून नाई टाकल्या फिती?"

"काढल्या तं निशान राह्यते. पाहाच ना तुमी." मग म्हणाले, "अन् खरं सांगतो. मी रिठदाकडचा, दुसऱ्याच्या घरचा सालदार. जलमभर लोकायनं लाथा घातल्या. बायको होती थे गेली. हा कोट थंडीसाठी घेतला, अन् त्याच दिवशी बाजारात एक जन मले म्हने, या, बसा. बसा म्हने! तवापासून मले कोनी अरे-तुरे नाई केलं."

मी बाही मांडीवर घेतली. दुहेरी दोरा ओवला आणि बारीक, घट्ट टाके घातले. मीही त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही. आजही करणार नाही.

पण त्या दिवसापासून त्यांची भीती मला लागली. लढाईमुळे रस्त्यानं लष्करी लॉऱ्या जायला लागल्या होत्या. आधी मी त्या मजेनं पाहायची. आता लांबून घरघर ऐकू आली की मी हातातलं टाकून आधी त्यांना शोधायची. बाजारात कोणीतरी सांगितलं की एका तमासगिराला शिपायाचं सोंग घेतल्याबद्दल वर्दीसकट धरून नेलं, आणि तो परत आलाच नाही. खरं खोटं देव जाणे. दुसऱ्या कोणी सांगितलं की लढाईचा कायदा आहे, खोटी वर्दी घालणाऱ्याला काळं पाणी. मी हे त्यांना सांगितलं नाही, पण ते त्यांनी माझ्या आधीच ऐकलेलं होतं. पोलीस शिपाई भाजी न्यायला आला की हवालदारबाबा विहिरीच्या पलीकडे जाऊन उगाच मोट तपासत बसायचे. शिपाई तिथूनच ओरडायचा, "काय हवालदार, बरं हाय ना?" आणि मला इथे दरदरून घाम फुटायचा. वांगी मोजताना माझी मोजणी चुकायची.

त्या वर्षी कापूस वेचायला मानोऱ्याकडच्या तांड्यातली काही बंजारा कुटुंबं आली होती. आमच्या मळ्यापलीकडे त्यांनी पालं टाकली होती. त्यांतली एक बाई एक दिवस कुंपणाशी येऊन उभी राहिली. हातभर बांगड्या, डोईवर ओढणी, उन्हानं रापलेला चेहरा. तिचा धनसिंग नावाचा मुलगा भरतीत गेला होता. कापसाचा एक हंगाम सरला, दुसरा आला, त्याची खबर नव्हती.

"दादा," ती बाबांना म्हणाली, "तू पलटनीतला. तुले ठाव असन. माहा धनसिंग कसा हाय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "आता काय सांगाव, बाई!"

"खुशाल हाय ना?"

"असन. खुशाल असन."

ती "असन" ऐकायलाच तयार नव्हती. तिला "हाय" ऐकू आलं. तिनं दोन्ही हात जोडले आणि पदरातली मूठभर बोरं कुंपणावरून त्यांच्या पुढ्यात ओतली. मग दर बाजाराच्या दिवशी ती यायची. कधी बोरं, कधी डिंकाचे खडे. आणि तोच प्रश्न. ती गेली की बाबा बोरं तशीच ठेवून द्यायचे.

"खात काहून नाई?" मी एकदा विचारलं.

"गळ्यातून उतरत नाई." त्यांचे ओठ सुकलेले होते. "सूनबाई, पोलिसाचं भेव येगळं. या बाईचं मले जास्त भेव वाटते. उद्या पोरगं गेल्याची खबर आली तं? मीच सांगतलं ना, खुशाल असन म्हून."

मी म्हटलं, सांगून टाका तिला खरं. ते म्हणाले, "तिचा दुसरा कोन हाय इचारायले?"

आणि मग भरतीची लॉरी वाशीमला येणार अशी दवंडी पिटली. गोरा साहेब येणार, सोबत सुभेदार येणार, बाजाराशेजारच्या मैदानात मांडव पडणार. लोकांना हुरूप यावा म्हणून आसपासच्या जुन्या पलटणवाल्यांनी फिती-बिल्ले लावून हजर राहावं असा हुकूम होता. तहसिलीचा चपराशी मळ्यावर येऊन बाबांना खास सांगून गेला. मामंजींना तर आभाळ ठेंगणं झालं. आपल्या राखणदाराला हार घालणार म्हणून ते गावभर सांगून आले.

त्याच दुपारी बाबा माझ्याकडे आले. कोट काढून बगलेत मारलेला, अंगावर घोंगडं. इतक्या दिवसांत मी त्यांना घोंगड्यात पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "जातो, सूनबाई. मालकाले म्हना, गावाकडून सांगावा आला." मला हायसं वाटलं. मी भाकरी बांधून दिल्या. भीतीपासून आम्ही दोघंही सुटणार होतो.

ते कुंपणापर्यंत पोचले आणि समोरून ती बाई धावतच आली. तिला दम लागला होता.

"दादा, गोरा साहेब येते म्हन्तात उद्या! त्याच्यापाशी समद्या पोरायची खबर असन. मले शिपाई आत जाऊ देनार नाई. तू घेऊन चाल मले. तुह्या फिती पाहून थो बोलन." तिनं बाबांचा हात धरला. "तू नाई आला तं मी कोनाले म्हनू?"

बाबा तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, चांगली जोरात हलवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बगलेतला कोट काढून अंगात घातला आणि एकेक गुंडी लावू लागले. बोटं अशी कापत होती की गुंडी छिद्रात जाईना. बाईला वाटलं थंडी वाजते. तिनंच पुढे होऊन वरची गुंडी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी मी भाजीची टोपली घेऊन बाजारात मैदानाच्या कडेलाच बसले होते. मांडवात खुर्च्या, ढोल, लॉरीभोवती पोरांची झुंबड. गोरा साहेब खुर्चीवर, आणि त्याच्या शेजारी उंचापुरा, टोकदार मिशांचा सुभेदार. जुने शिपाई रांगेत उभे होते. सुभेदार एकेकाला विचारत येत होता, तो कडक सलाम ठोकून उत्तर देत होता, आणि हार पडत होता.

हवालदारबाबा रांगेत सर्वांत शेवटी. मागे ती बाई. रांगेत शिरण्याआधी ते माझ्या टोपलीशी थांबले आणि पुटपुटले, "सूनबाई, मले वांती होते." मी म्हटलं, अजून मागच्या मागे जा. ते गेले नाहीत.

सुभेदार समोर आला. "कौन सी पलटन, हवालदार?"

मला वाटलं, आता "आता काय सांगाव" म्हणतील. शब्द आलेच नाहीत. ओठ नुसते हलत होते. ढोल वाजत होता. सुभेदारानं पुन्हा विचारलं, मग ढोलवाल्याकडे हात केला. ढोल थांबला आणि पुढचा शब्द सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी शांतता झाली.

"हुजूर, मी पलटनीतला नाई."

"क्या?"

"मी शिपाई नाई. कोट बाजारातून घेतला. फिती माह्या नाईत. मले बांधा, काईबी करा. पर या बाईचा पोरगा पलटनीत हाय, धनसिंग नाव हाय त्याचं. त्याची खबर नाई लागून राह्यली. तेवढी सांगा, मंग मले न्या."

धीट झाले होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. रांगेतला एक म्हातारा शिपाई ते पाहून हसला. बाकी कोणी हसलं नाही.

सुभेदारानं त्यांची डावी बाही धरली. खिशातून चाकू काढला आणि फितींखाली घातला. टाके निघेनात. दुहेरी दोरा, माझ्या हातचा. त्यानं हिसका दिला तसे बाबा पुढे कोलमडले.

"किसने सिले ये?" सुभेदार गरजला. "सिलनेवाला कौन?"

माझ्या कानात एकदम घूं झालं. टोपलीच्या काठावर ठेवलेला माझा हात मला माझा वाटेना. मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी नुसती नजर माझ्याकडे वळवली असती तरी पुरे होतं. ते समोर मातीकडे पाहत राहिले.

"मीच, हुजूर. मले येते शिवाले."

फिती अखेर फाटूनच निघाल्या. कोट काढून घेतला. त्यांच्याच उपरण्यानं हात बांधले. आणि तेव्हा ती बाई, जिला काय चाललंय ते आत्ता कुठे उमगत होतं, ती सुभेदाराच्या पायांत पडली नाही की रडली नाही. ती त्याच्या आणि बाबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"त्यानं इचारलं थे सांग आदी," ती म्हणाली. "मंग ने त्याले."

सुभेदारानं तिच्याकडे पाहिलं. गोऱ्या साहेबानं खुर्चीवरून काहीतरी विचारलं, सुभेदारानं इंग्रजीत उत्तर दिलं. मग तो तिला मुलाचं नाव, गाव, कोणत्या हंगामात गेला ते विचारत राहिला. आवाज उतरला होता. "पता करूँगा, माई," एवढंच म्हणाला. बाबांना पोलीस घेऊन गेले. बंडीतला तो माणूस एवढा बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी शिपाई मळ्यावर आला. मामंजी हात जोडून, रडकुंडीला येऊन सांगत राहिले की आम्हाला काही ठाऊक नव्हतं. मी चुलीपुढे बसून होते. सुईदोऱ्याची डबी मी धान्याच्या कणगीत लपवली होती. कितीतरी दिवस माझी झोप उडाली होती. कोणी कडी वाजवली की मला वाटायचं, आली माझी पाळी. कोणी आलं नाही. बाबांनी ठाण्यातही माझं नाव घेतलं नव्हतं.

त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवल्याचं कळलं. कापसाचा हंगाम संपला, पालं उठली, पण ती बाई तिथेच राहिली. आणि एक दिवस तहसिलीचा तोच चपराशी बाजारात तिला शोधत आला. धनसिंग जिवंत होता. लष्करी दवाखान्यात होता, पायाला जखम होती, बरा झाला की घरी पाठवणार होते. ती भर बाजारात मातीत बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

उन्हाळ्यात धनसिंग काठी टेकत आला. मायलेक मिळून अकोल्याला गेले आणि बाबा सुटले त्या दिवशी त्यांना घेऊन परतले. बाबांचं राहिलेलं गाठोडं न्यायला तिघंही मळ्यावर थांबली. मामंजींना त्यांच्याकडे वर मान करून बघवेना. त्यांनी वांग्यांनी भरलेली टोपली बाबांपुढे सरकवली आणि मोटेकडे निघून गेले.

बाबांचे केस पांढरे झाले होते. मी पाणी दिलं आणि हळूच म्हटलं, "तुमी माह्यं नाव नाई घेतलं."

"तुमी काय केलं होतं, सूनबाई? उसवलेलं शिवलं."

धनसिंगच्या अंगावर खरी वर्दी होती. तो म्हणाला, "मामा, थंडीत माहा कोट घे. आता मले नाई लागत." बाबा एकदम दोन पावलं मागे सरले. "नको रे बाप्पा! मले घोंगडंच बरं." आम्ही सगळे हसलो. तेही हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

ते त्या मायलेकांबरोबर तांड्यावर गेले. पुन्हा वाशीमला आले नाहीत.

पुढे काही वर्षांनी आम्ही बैलगाडीनं पोहरादेवीच्या दर्शनाला निघालो, तेव्हा मी वाट वाकडी करून त्या तांड्यावर गाडी थांबवायला लावली. ती बाई म्हातारी झाली होती. तिनं मला ओळखलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मी विचारायच्या आतच मान हलवली. पावसाळ्यात बाबांना ताप आला होता, त्यातून ते उठले नाहीत. तांड्यावरची सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, असं तिनं सांगितलं. 

धनसिंग मला शेताकडे घेऊन गेला. ज्वारी दाण्यावर आली होती. मधोमध बाबांचं मचाण उभं होतं, त्यावर त्यांनी पसरलेल्या गवताची शाकारणी अजून होती.

"राखनीले कोन आता?" मी विचारलं.

"यंदा कोनीच नाई ठेवला."

"काहून?"

"माय म्हन्ते, राहू दे एक साल."

पाखरांचा एक थवा आला आणि कणसांवर उतरला. धनसिंग काठीवर भार देऊन उभा होता. त्यानं हात वर केला नाही, हाळीही दिली नाही. आम्ही दोघं बांधावर उभे राहून पाखरं दाणे खाताना पाहत राहिलो.